अजून थोडासा येतोय वास

तो खरं तर पंक्चर काढायला आला होता.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे तो जे काही बोलला त्यातलं बरंचसं खोटं निघणार आहे. पंक्चर मात्र खरं होतं. मागचं डावं चाक, बोटभर लांब खिळा.

टायरवाल्या काकांनी जॅक लावला, चाकाशी वाकले आणि ताडकन सरळ झाले. रुमाल नाकाला.

"अहो, गाडीत काय मेलंय?"

"काही नाही हो... पाणी सांडलंय जरा."

"पाण्याला असा वास? हे बघा, चाक मी काढतो. पण दार उघडू नका, हात जोडतो. आणि चाक बसलं की गाडी तशीच ढकला शेजारी. ती पाटी दिसतेय ना?"

शेजारच्या गाळ्यावर निळी पाटी होती. पांढरी अक्षरं, कुणीतरी स्वतःच्या हाताने रंगवलेली. 'गाडीतला वास घालवून मिळेल.' खाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द – 'कसलाही.'

आणि पाटीखाली ती उभी होती. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, केसांना फडकं, दोन्ही हातांत कुणाच्या तरी गाडीची मागची सीट, झोपलेलं मूल उचलावं तशी उचललेली. वारा त्याच्या गाडीवरून थेट तिच्याकडे वाहत होता. काका चार पावलं मागे सरले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंनी नाक दाबून फुटपाथ बदलला. ती मात्र जागची हलली नाही. कपाळावर आठीसुद्धा नाही.

केवढी सभ्य मुलगी आहे, असं त्याला वाटलं. हे त्याने तिला फार उशिरा सांगितलं.

सभ्यपणाचा काही संबंध नव्हता. तिला वास येतच नव्हता.

*

थांबा, हे नीट सांगायला हवं.

सात महिन्यांपूर्वी तिला ताप आला. सहा दिवस राहिला, सातव्या दिवशी गेला, आणि जाताना एक वस्तू घेऊन गेला. आठव्या दिवशी ती दूध तापवत होती. दूध उतू गेलं, करपलं, पातेल्याचा तळ काळा झाला, आणि ती हातभर अंतरावर उभी राहून खिडकीबाहेर बघत होती. आतून अप्पा ओरडले, "अगं, झोपलीस की काय?"

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती हेच म्हणत आली. लक्ष नव्हतं.

अप्पा म्हणजे तिचे वडील. निळी पाटी त्यांनीच रंगवलेली. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांतले वास काढले, आणि ते नुसत्या नाकाने. गाडी तासभर बंद ठेवायची. मग दार दोन बोटं उघडायचं, एक श्वास घ्यायचा, दार लावायचं आणि सांगायचं, "चालकाच्या सीटखाली, उजवीकडे, दूध, दहा दिवसांचं." निघायचंच दूध. "पहिला श्वास खरा," ते म्हणत. "दुसरा लबाड. तिसऱ्याला नाक त्या वासाचं सोयरं होतं, मग ते कशाला तक्रार करेल?" गुडघे गेले तेव्हा त्यांनी गाळा तिच्या हाती दिला आणि अठरा पायऱ्या चढून वरच्या खोलीत जाऊन बसले ते बसलेच. येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून सांगत, "गुडघे गेले, पण नाक पोरीला देऊन ठेवलंय!"

आता पोरीने त्यांना काय सांगायचं?

व्हिनेगर – नुसतं ओलं.
सोडा – नुसता पांढरा.
साबण – निसरडा.
पाऊस – आवाज.
अप्पांची शाल – मऊ. एवढंच. फक्त मऊ.

तरीही काम चालू होतं. हातांनी, डोळ्यांनी, टॉर्चने. कार्पेटवर टिपकागद दाबायचा आणि कुठे डाग उमटतो ते बघायचं. दारं उघडी टाकून स्टुलावर बसायचं आणि माशी कुठे घोटाळते, मुंगी कुठे वळते यावर डोळा ठेवायचा. आणि ग्राहक आला की त्यालाच गाडीत बसवायचं, काचा वर करायच्या, हातात कार्ड घ्यायचं – "पहिला श्वास तुमचा. कसला वास येतो, शब्दांत सांगा." लोकांना वाटे, वा, काय पद्धत आहे!

पद्धत कसली. आंधळ्याने वाटसरूला वाट विचारावी, तसं होतं ते.

*

कार्ड क्र. ३१२. तारीख ४.

"धंदा काय तुमचा?"

"मासे."

"विकता?"

"छे हो! सांभाळतो. काचेच्या टाक्या असतात ना – दातांच्या दवाखान्यात, बँकेत – त्यांतलं पाणी बदलायचं, शेवाळ काढायचं. एखादा मासा रुसला तर..."

"तर?"

"तर जरा वेळ त्याच्याशी बोलत बसायचं."

ती हसली नाही. कार्डावर लिहिलं, 'मालक : मासेवाला.' चाळीस लिटरची टाकी वळणावर कलंडली होती, सगळं पाणी गाडीच्या पोटात, आणि वर तीन आठवडे काचा बंद.

"कसला वास येतो?"

"घाण."

"घाण हा वास नाही, ते तुमचं मत झालं. शब्द द्या."

तो काचा वर करून आत बसला. चेहरा कसानुसा झाला. मग काच दोन बोटं खाली आली.

"फुलदाणी," तो म्हणाला. "फुलं वाळली, टाकून दिली, पाणी मात्र तसंच राहिलं. घराला कुलूप. आठ दिवसांनी तुम्ही परत येता, दार उघडता आणि... तसा."

पेन थांबलं.

सात महिन्यांत लोकांनी तिला भयंकर दिला होता, बेकार दिला होता, 'उलटी होईल हो ताई' दिला होता. फुलदाणी कुणी दिली नव्हती. आणि एक क्षण, खरं तर अर्धाच, तिला तो वास आला. नाकात नव्हे. डोक्यात मागे कुठेतरी, कुलूप लावलेल्या घरात.

"अजून काही?" तिने विचारलं. खरं तर कामापुरतं एवढं पुरे होतं.

"तळाशी... नाणं. मुलं घामेजल्या मुठीत धरतात ना, तसं."

तिने नाणंही लिहून घेतलं. अक्षर जरा वाकडं आलं.

*

तीन दिवसांत तिने कार्पेट उपसून काढलं, पाणी शोषून घेतलं, सोडा भुरभुरला, झाडला, पुन्हा भुरभुरला. सात तारखेला तो आला, आत बसला, पहिला श्वास घेतला.

"अजून येतोय."

हे खरं होतं. इथपर्यंत तो खरं बोलत होता.

तिने दारं उघडली, स्टूल घेतलं आणि मुंग्यांची वाट बघत बसली. तो उपडी बादली ओढून शेजारी बसला.

"काय बघताय?"

"काम चालू आहे."

"मला तर तुम्ही बसलेल्या दिसताय."

"माशांशी गप्पा मारणं जर काम असेल, तर हेही कामच आहे."

त्याने दोन्ही हात वर केले. हरलो. आणि मग दोघंही उघड्या दारांकडे बघत बसले. बघता बघता दोन दिवस असे गेले – तो टाक्या धुवायला जायचा, परत यायचा, बादलीवर बसायचा. दवाखान्यातला एक म्हातारा सोनेरी मासा दातांच्या मशीनचा आवाज आला की दगडामागे कसा लपतो, हे त्याने सांगितलं. "आणि पेशंट त्याच्याकडे बघून म्हणतात, याचं बरं आहे!" या वेळी ती हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण त्याच्या चपलांचा आवाज ओळखायला लागलो आहोत.

नऊ तारखेला मुंग्या आल्या. बारीक रांग, उंबऱ्यावरून आत, चालकाच्या सीटच्या लोखंडी पट्टीखाली. तिने स्क्रू काढले, पट्टी उचलली, टॉर्च मारला.

नखाएवढी गोगलगाय. मेलेली.

"अरे! ही तर दवाखान्यातली!" त्याने ती तळहातावर घेतली, दुसऱ्या हाताने नाक दाबलं. "बिचारी. टाकी कलंडली तेव्हा... मी सगळे मासे मोजले हो. हिला मोजायचं राहिलं."

"नाक दाबून शोक करतात होय?"

"वास तरी बघा ना तिचा!"

तिचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ती घाईघाईने कामाला लागली.

संध्याकाळी ऊन कलल्यावर तो आत बसला, काचा वर केल्या. पहिला श्वास. तिने कार्ड काढलं. शेवटचा रकाना – 'वास गेला. ग्राहकाची सही व तारीख.' या सहीवर तर ती जगत होती. नाक नसलेल्या माणसाला दुसरं काय कळणार? समोरचा सही करतो, म्हणजे काम झालं. तेवढंच तिचं नाक.

तिने काचेच्या फटीतून पेन पुढे केलं. त्याने पेनाकडे बघितलं. तिच्याकडे बघितलं – फडक्यातून सुटलेली एक बट, गालावर सोड्याचा पांढरा पट्टा. पुन्हा पेनाकडे.

"अजून..." तो म्हणाला, "अजून थोडासा येतोय."

*

तारीख १३. 'ओल्या दगडासारखा. सावलीतल्या.'

तिने एसीचा फिल्टर बदलला. आतल्या नळ्यांत वाफ सोडली. कोळशाच्या पिशव्या चारी कोपऱ्यांत ठेवल्या.

तारीख १८. 'पाटी. शाळेतली. ओल्या फडक्याने पुसल्यावर येतो तसा... अगदी पुसट.'

तिने दारांची आतली आवरणं उघडली. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालचा खड्डा घासला. छताचं अस्तर उतरवलं. छताचं! अप्पांनी चाळीस वर्षांत दोनदा उतरवलं असेल.

आणि ओला दगड काही सापडेना.

इतर गाड्यांचं काय? हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा ती ब्रश धूत होती. पाणी वाहतच राहिलं. हा माणूस निदान खरं सांगतोय. बाकीच्यांनी भिडेखातर सही केली असेल तर? मग तिला एक खोडच लागली. रस्त्यात आपण साफ केलेली गाडी दिसली की काचा बघायच्या. शाळेची पिवळी गाडी – चारही काचा खाली. उकाड्यामुळे? की... डॉक्टरीणबाईंची लाल गाडी – एक काच खाली. एकच का? सकाळी उठल्याबरोबर ती व्हिनेगरची बाटली नाकाला लावायची, डोळे मिटायची, वाट बघायची. नुसतं ओलं.

वरून अप्पांची हाक यायची. "ती पांढरी गाडी पुन्हा का गं आली?"

"एसीचं जरा बघायचंय."

"वास कसला आहे?"

"पाटीचा," ती सांगायची. त्याचेच शब्द, आणि तिच्या तोंडी तर ते खोटेच.

टायरवाले काका एकदा सहज म्हणाले, "झेपत नसेल तर गाळा मला दे हो, पोरी. टायर ठेवायला जागा पुरत नाही." ते सहज म्हणाले, पण तिने ते घरी नेलं, उशाशी घेतलं. अठरा तारखेला तिने स्वतःशी ठरवून टाकलं – ही गाडी आणखी एकदा परत आली, तर शटर खाली. वर जायचं, अप्पांना सगळं सांगायचं, गाळा काकांना द्यायचा. संपलं.

आणि तरीही... हेही सांगायलाच हवं. वळणावर पांढरी गाडी दिसली की तिच्या पोटात दोन गोष्टी एकदम व्हायच्या. एक दगड खाली पडायचा आणि एक पाखरू वर उडायचं. दोघांची वाटेत टक्कर व्हायची.

एकदा त्याने काचेची बरणी आणली. आत हिरवी वेल आणि तिच्यावर बसलेली एक गोगलगाय. "ही जिवंत आहे. बदली म्हणून ठेवा."

"मी काय करू हिचं?"

"काही नाही. ती हळू आहे. तुमच्यासारख्या घाईच्या माणसाजवळ असं कुणीतरी पाहिजे."

"गोगलगाय आणि पोटात पाय, म्हणतात," ती म्हणाली. "वरून गरीब, आत भलतंच. सांभाळून राहीन."

तो लाल झाला. उगाचच. तिला वाटलं, उकाड्याने.

"मला अहो-जाहो किती दिवस करणार?" त्याने विचारलं.

"तुमच्या गाडीतला वास जाईपर्यंत."

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले... आणि मिटले.

*

तारीख २४.

सकाळपासून रिपरिप होती. पांढरी गाडी वळणावर आली. दगड पडला. पाखरू या वेळी उडालं नाही.

तो आत बसला, काचा वर. बाहेर आला. शर्ट नवा होता, केस विंचरलेले.

"अजून थोडासा..." त्याने सुरुवात केली.

तिने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. त्याच्याकडे न बघता आत गेली आणि अठरा पायऱ्या चढली.

"अप्पा, खाली येता का जरा?"

अप्पांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि का म्हणून विचारलं नाही. एक हात कठड्यावर, दुसरा तिच्या खांद्यावर. प्रत्येक पायरीवर ते थांबत आणि प्रत्येक पायरीवर तिला वाटे, आत्ता सांगावं. नवव्या पायरीवर तर तोंड उघडलंही होतं. "पाय नीट ठेवा," एवढंच निघालं.

"अप्पा खाली?" टायरवाले काका धावत बाहेर आले. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

मासेवाला बादलीवरून उठला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

अप्पांनी सगळ्यांना मागे सारलं. दार दोन बोटं उघडलं, एक श्वास घेतला, लावलं. गाडीला वळसा घालून पलीकडचं. मग डिकी. तीन दारं, तीन श्वास. पाऊस टपावर वाजत होता.

"स्वच्छ आहे," अप्पा म्हणाले.

"काय?"

"गाडी. धुतलेल्या काचेसारखी. कोळसा आहे. व्हिनेगर आहे, तेही जुनं. मागे माशांच्या खाण्याची पुडी. आणि पुढच्या सीटवर कुणीतरी आज जरा जास्तच अत्तर लावून बसलं होतं." मासेवाल्याचे कान पेटले. "याच्यात घालवायचं काय आहे? तुला कळलं नाही का गं?"

लक्ष नव्हतं. शब्द ओठांवर आले. सात महिने घासून गुळगुळीत झालेले, आयते. फक्त सोडायचे.

"मला वास येत नाही, अप्पा," ती म्हणाली. "कसलाच नाही. ताप आला होता ना... तेव्हापासून."

टपावरचा पाऊस. काकांच्या हातातला पाना कुठेतरी टेकल्याचा आवाज.

"सात महिने?"

"सात."

"मग शाळेच्या गाडीत सांडलेलं औषध कुणी काढलं? डॉक्टरीणबाईंच्या एसीतला मेलेला उंदीर?"

"मीच. मुंग्या बघून... टिपकागद लावून. आणि लोकांना विचारून. ते गेला म्हणाले की गेला."

अप्पा हळूच बादलीवर बसले. "म्हणजे तू लोकांच्या शब्दावर गाड्या सोडत होतीस."

"हो."

आणि मग दोघांनी, बाप-लेकीने, एकाच वेळी मासेवाल्याकडे बघितलं.

तो भिजत उभा होता. "नऊ तारखेला," तो म्हणाला. "गोगलगाय निघाली त्याच दिवशी गेला होता."

"मग ओला दगड?" तिने विचारलं.

"नव्हता."

"पाटी?"

"नव्हती... मी शब्द दिला की तुमचं पेन थांबायचं. म्हणून मी नवे नवे शोधायचो. टाक्या धुताना, रस्त्यात, कुठेही."

"आणि मी ते तुमच्या गाडीत शोधत होते! छत काढलं मी! छत!"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे!" तो एकदम म्हणाला. "सगळं गाव म्हणतं, हिचं नाक म्हणजे नाक. मला वाटलं, गाडीत काही नाही हे तुम्हाला पहिल्याच श्वासात कळलं असणार. तरी तुम्ही कार्ड काढता, तरी 'शब्द द्या' म्हणता... मला वाटलं, तुम्हीसुद्धा मी यावं म्हणून... मला वाटलं, आपण दोघं मिळून खोटं बोलतोय."

काकांनी चष्मा काढून पुसला.

तिला हसू यायला हवं होतं. पुढे कधीतरी येणारही होतं. पण त्या क्षणी तिच्या डोळ्यांपुढे ती रोज सकाळची व्हिनेगरची बाटली होती, आणि शाळेच्या गाडीच्या चार काचा.

"माझ्याकडे तेवढंच होतं," ती म्हणाली. "समोरच्याचा शब्द. माझ्या हातांवरचा विश्वास उडाला होता, कळतंय का? मी आज शटर ओढणार होते."

"मी..."

"गाडी घ्या आणि जा."

तो गेला. रिपरिपीत, काचा खाली टाकून. अर्धी सीट भिजली असेल. भिजू दे.

*

चढताना अप्पा सहाव्या पायरीवर बसले. ती शेजारी बसली.

"सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, नाक पोरीला दिलंय."

अप्पा बराच वेळ गुडघा चोळत राहिले. "मला नाक होतं म्हणून मी कधी मुंग्यांकडे बघितलंच नाही," ते म्हणाले. "त्या उंदरासाठी मला चार दिवस लागले असते. काम तू चोख केलंस. लपवलंस, तिथे चुकलीस." मग जरा थांबून, "आणि तो पोरगा..."

"त्याचं नाव काढू नका."

"नाव कुठे माहीत आहे मला? अत्तर फार होतं, एवढंच म्हणतो. घाबरलेलं माणूस जास्त लावतं."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर आला. तिने त्याला आधीच सांगून टाकलं. "दादा, मला वास येत नाही. पहिला श्वास तुमचा, आणि खरं सांगायचं. भीड नको. मागच्या वेळी खरंच गेला होता?"

"मोठ्याने बोला, ताई. डाव्या कानाने मला कमी येतं."

तिने मोठ्याने सांगितलं. सगळ्या रस्त्याने ऐकलं.

"गेला होता की!" तो म्हणाला. "काचा? त्या होय... मुलं खाली करतात, रस्त्यावरच्यांना वेडावून दाखवायला. अन् वास येत नाही तर नाही! तीस मुलांच्या गाडीला अर्धा बहिरा ड्रायव्हर चालतो, तसंच आहे ते. उलट बरंच आहे."

संध्याकाळी तिने रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. निळ्या पाटीवर 'कसलाही'च्या खाली लिहिलं – 'नाक तुमचं, हात आमचे.' अक्षर अप्पांच्याइतकं चांगलं आलं नाही. पण तिने ते पुसलं नाही.

फक्त... वळणाकडे बघायची खोड गेली नव्हती. तीस तारखेपर्यंत तरी.

*

तीस तारखेला चपलांचा आवाज आला. आधी आवाज, मग तो.

"गाडी कुठे?"

"घरी. तिला काही झालेलं नाही."

आज अत्तर होतं की नाही, तिला कळायला मार्ग नव्हता. केस मात्र विंचरलेले नव्हते. त्याने खिशातून घडी घातलेलं कार्ड काढलं. ग्राहकाकडची प्रत, क्रमांक ३१२. टेबलावर, बरणीशेजारी, सरळ करून ठेवलं.

'वास गेला.' समोर सही होती. सहीखाली तारीख – ९.

"आज तीस आहे," ती म्हणाली.

"काम नऊलाच झालं होतं. कार्डावर खरं असायला पाहिजे. कुणी विचारलं तर दाखवा – पाच दिवसांत केलंत. त्यानंतरचं सगळं माझं. ते तुमच्या कामात धरायचं नाही."

तिने तारखेवरून बोट फिरवलं. नऊ. मुंग्या आल्या तो दिवस. म्हणजे तिचे हात एकदाही चुकले नव्हते. तीन आठवडे बरगड्यांच्या आत आवळून बसलेलं काहीतरी हळूहळू सैल झालं, ओला फळा वाळतो तसं, कडेकडेने.

"मग नऊनंतर कशाला येत होतात?" तिने विचारलं. वर न बघता.

"ते लिहायला कार्डात रकाना नव्हता."

पेन टेबलावरच होतं. तिने ते उचललं, खाली ठेवलं. तो गेला नाही. सही झाली होती, गाडी घरी होती, वास नव्हता, पंक्चर नव्हतं. उभं राहायला एकही कारण नव्हतं, आणि तो उभा होता.

"बरं," ती म्हणाली. "डोळे मिटा. पहिला श्वास तुमचा. इथला, या गाळ्यातला. सुंदर नको. खरा."

त्याने डोळे मिटले. श्वास घेतला.

"व्हिनेगर. पुष्कळ. रबर... तुमचे हातमोजे. ओला रंग, नवा, बाहेरच्या पाटीचा." तो थांबला. "आणि... सांगू का? रागवाल."

"सांगा."

"बरणी. पाणी बदलायला झालंय. त्याचा अगदी..." त्याने एक डोळा उघडला. "अगदी थोडासा येतोय. खरंच येतोय हो! शपथ!"

तिने बरणीकडे बघितलं. पाणी खरोखरच हिरवट झालं होतं. गोगलगाय वेलीच्या टोकाशी येऊन, शिंगं बाहेर काढून, शांतपणे ऐकत होती. आणि ते हसू – सहा दिवस कुठेतरी अडकून पडलेलं – एकदम आलं. थांबेचना. टायरवाल्या काकांनी पलीकडून मान बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली.

"मग बदल की," ती डोळे पुसत म्हणाली. "तुझंच काम आहे ते."

तो बरणी उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"काय म्हणालीस?"

"वास गेला ना?" तिने कार्ड उचललं, त्याच्या सहीवर बोट ठेवलं. "मग?"

बरणीतलं पाणी हिंदकळलं. तिने आपला हात खाली लावला.

"सांभाळ," ती म्हणाली. "या वेळी हिला मोज."